गेल्याची वेळ

हर्णै बंदरात, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचं
वजनकाट्याचं हापीस, तिथे आमची अभ्यासिका.
भिंतीवर जुना दर अजून आहे, लादी एक, रुपये अमुक.
तो आम्ही पुसला नाही.
त्याखाली कागद डकवला:
सोमवार निलांबरी, मंगळवार सादिया होडेकर,
बुधवारी कोणी नाही, किल्ली टपरीवर मागावी,
गुरुवार मी.

कुलपाला खारी हवा बाधते.
कोंबडीच्या पिसाने खोबरेल घालायचं,
मग दाराला गुडघा, मग एक शिवी, हलकीच,
मग उघडतं.

पुस्तकं आंब्याच्या पेट्यांत.
वर 'सांभाळून हाताळा', आत सांख्यिकी.
कागद फुगतो इथे. साधं गाइडसुद्धा
ग्रंथासारखं दिसायला लागतं.
अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम दोनदा बदलला,
तरी प्रज्योत जुनी प्रत टाकू देत नाही.
मागणी-पुरवठा बदललाय होय, म्हणतो,
खाली लिलावात जाऊन बघा.

फी नाही. वहीत नाव लिहायचं, एवढंच.
नाव, वर्ग, आल्याची वेळ, गेल्याची वेळ.
घरी दोन खोल्यांत सात माणसं असलेली मानसी
येते आणि पहिला अर्धा तास नुसती झोपते,
टेबलावर गाल ठेवून.
आम्ही उठवत नाही.
ती वेळही अभ्यासातच धरतो.

हरेश पावसे, तृतीय वर्ष वाणिज्य,
बोटीवरून थेट यायचा, साडेनऊनंतर.
हात लिंबाने चोळलेले, तरी वास यायचाच.
आपणहून दाराजवळ बसायचा.
एका मंगळवारी सादियाने काही न बोलता
आपलं बाकडं ओढत त्याच्या शेजारी नेलं.
फरशीवर त्याचा ओरखडा आहे.

परिव्यय लेखांकनात तो अडायचा.
साधारण तूट म्हणजे काय, त्याने एकदा विचारलं.
प्रज्योतने वर न बघता भिंतीकडे बोट केलं:
बर्फ वितळतो ना, ती.
आधीच धरलेली असते. तिचं कोणी रडत नाही.
आणि असाधारण?
कोणीतरी पंख्याचा वेग वाढवला.

सोळा सप्टेंबर. आल्याची वेळ नऊ चाळीस.
खालून तांडेलाची हाक आली, एकदाच.
पेनाला टोपण न लावता तो उठला.
पुढचा रकाना कोरा.

नंतर कळलं, भावोजींबरोबर वेरावळच्या बोटीवर.
ऑक्टोबरची परीक्षा गेली.
पेन आम्ही आंब्याच्या पेटीत ठेवलं, टोपण लावून.

मार्चमध्ये ग्रामपंचायतीचं पत्र आलं.
विजेचं बिल त्यांनी भरायचं तर माहिती हवी:
लाभार्थी किती, उत्तीर्ण किती, एकूण तास किती.
निलांबरी बेरजेला बसली आणि त्या ओळीशी थांबली.
दहा लिहू का, सादिया म्हणाली, कोणाला कळतंय.
मी नको म्हटलं.
मग बेरीज कशी करायची?
वहीच्या हिशोबाने तो अजून आतच आहे,
सहा महिने सलग, जेवायलासुद्धा न उठता.
निलांबरी हसली. मग हसली नाही.
उत्तीर्णच्या रकान्यात मला काय बोलायचं होतं.
मी स्वतः शेवटच्या वर्षाला दोनदा राहिले,
किल्ली माझ्याकडे आहे ती त्यानंतरची.

परवा गुरुवारी, कुलूप लावता लावता फोन वाजला.
इंजिनाचा आवाज, त्यामागे हरेश:
ते निळं पुस्तक आहे ना, पान एकशे बारा,
फोटो टाक. रेंज जाईल, लवकर.

परत गुडघा, परत शिवी.
दिव्याखाली पुस्तक धरलं. फुगलेलं पान
तळव्याने दाबलं तरी उठत होतं,
मग अंगठ्याने धरून ठेवलं.
गेला फोटो.
माझा अंगठा आलाय त्यात, मी म्हटलं, दुसरा काढू?

असू दे, तो म्हणाला.
आकडे दिसतायत.